आधी गंज, मग स्ट्रट

अगं, तुझ्या आईचा फोन आला होता. मी तुला समजावून या उद्योगातून बाहेर काढावं अशी तिची अपेक्षा आहे. ते काही माझ्याकडून होणार नाही. १९७२ची डॅटसन २४०झेड घ्यायची आणि ती कोणाच्या तरी गॅरेजात नेऊन सोडायची, यात काय मजा? पण तू विचारलंयस तर नीट ऐक. जे सांगतो ते पुस्तकात अर्धंमुर्धं असतं, उरलेलं ज्याने त्याने हात काळे करून शिकायचं असतं.

पहिली गोष्ट. या गाडीत डँपर बदलणं हे तासाभराचं काम आहे. त्या डँपरपर्यंत पोचणं हे शनिवार-रविवारचं. तुझी गाडी ओहायोतली, म्हणजे हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ तिने पोटाखाली किती वर्षं खाल्लंय कोण जाणे. तुझं खरं भांडण त्या गंजाशी आहे. नवे डँपर बिचारे खोक्यात गप पडून असतात, ते पळून जात नाहीत. तेव्हा पाना हातात घेण्याआधी एक आठवडा रोज संध्याकाळी गाडीखाली जायचं आणि गंज सोडवणारं तेल मारायचं. पुढे स्ट्रटच्या, म्हणजे डँपर आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या त्या खांबाच्या, बुडाशी दोन बोल्ट आहेत, त्यांना. ब्रेकच्या नळ्यांच्या जोडांना. मागच्या हाफशाफ्टच्या बोल्टना. वर तीन-तीन नट आहेत, त्यांनाही एक थेंब. तार-ब्रशने आधी आटे घासून घे, नाहीतर तेल मातीवर पडतं आणि आपल्याला वाटतं आत गेलं.

त्या आठवड्यात दुसरं एक काम उरकून घे. स्ट्रट खरंच गेलेत का, हे बघ. लोक बोनेटच्या कोपऱ्यावर वजन टाकतात, गाडी दोनदा हलली की म्हणतात शॉकअप गेले. ही परीक्षा खोटी नाही, पण तिच्यात फक्त मेलेला डँपर नापास होतो. आजारी डँपर पास होऊन जातो, कारण हाताने दाबताना डँपरचा दांडा फार सावकाश चालतो. खरी लक्षणं रस्त्यावर दिसतात. फ्रीवेवर काँक्रीटच्या दोन पट्ट्यांच्या सांध्यावरून जाताना नाक वर-खाली होत राहिलं, वळणात मध्येच खड्डा आला आणि मागचं चाक बाजूला उडी मारून बसलं, तर समज. टायरवर हात फिरव. कडेने ठिकठिकाणी खळगे पडल्यासारखं लागलं तर ते चाक रस्त्यावर टेकून न राहता टणटण उडत होतं. आणि स्ट्रटच्या नळीवर तेल ओघळलेलं दिसलं तर पुढे विचारच नको. नुसती धूळ चिकटेल इतकी ओल असेल तर मात्र लगेच घाबरू नकोस, दांड्याबरोबर थोडं तेल बाहेर येतंच. स्टिअरिंग थरथरतंय म्हणून स्ट्रट बदलणारे मी पाहिलेत. ती थरथर बहुतेक वेळा चाकाच्या बॅलन्सिंगची नाहीतर टायरची असते. तो खर्च आधी कर, तो स्वस्त आहे.

आता हे यंत्र काय आहे ते डोक्यात पक्कं कर, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळेल. गाडीचा भार स्प्रिंग उचलते. डँपर काहीही उचलत नाही. खड्ड्यात स्प्रिंगने जी ताकद गिळली ती तिने परत उसळून द्यायची असते, आणि डँपर तेल बारीक भोकांतून ढकलून मध्येच तिची उष्णता करून टाकतो. साध्या गाडीत एवढंच. पण मॅकफर्सन स्ट्रटमध्ये त्याच डँपरच्या दांड्यावर आणखी एक जबाबदारी आहे. चाक उभं धरून ठेवायचं कामही त्याचंच. वरच्या बाजूला चाक धरायला दुसरा हात, म्हणजे कंट्रोल आर्म, नाहीच. पुढच्या चाकाला तर वळताना त्याच दांड्याभोवती फिरायचं असतं. म्हणून दांडा ज्या बुशात सरकतो तो झिजला की गाडी नुसती डोलत नाही, चाकाचा कल बदलतो, ब्रेक मारला की स्टिअरिंग भटकतं. तू मला विचारलंस ना, की ‘एवढीशी नळी, तिचं एवढं काय कौतुक?’ हे त्याचं उत्तर.

अर्ल मॅकफर्सन हा शेव्हर्लेमध्ये कॅडेट नावाच्या छोट्या गाडीवर काम करत होता. ती योजना बारगळली, तो १९४७मध्ये फोर्डकडे गेला, आणि १९५०मध्ये ब्रिटिश फोर्डच्या कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांना पुढे ही रचना आली. स्वस्त, सुटसुटीत, कमी जागा खाणारी. आपल्याकडे १९८३ला आलेल्या मारुती ८००च्या पुढच्या चाकांनाही हेच. मागच्या चाकांना हीच युक्ती लावली ती लोटसच्या कॉलिन चॅपमनने. १९५७च्या एलिटमुळे ती नावारूपाला आली. तुझ्या झेडला पुढे मॅकफर्सन, मागे चॅपमन, म्हणजे चारही कोपऱ्यांत स्ट्रट. ‘स्पोर्ट्स कारला स्ट्रट म्हणजे स्वस्तातली सोय’ असं नाक मुरडणारे तुला भेटतील. त्यांना सांग, १९७१ची ईस्ट आफ्रिकन सफारी रॅली याच २४०झेडने जिंकली, आणि १९७३ला पुन्हा जिंकली तेव्हा चाकामागे कंपालात जन्मलेला, भारतीय वंशाचा शेखर मेहता होता. केनियाच्या चिखलात हजारो मैल. त्या गाड्या तयार केलेल्या होत्या, मान्य. पण रचना हीच.

असो. माल काय आणायचा ते सांगतो.

चारही डँपर एकदम आण. पैशाची ओढ असेल तर निदान पुढची जोडी किंवा मागची जोडी. एक बाजू नवी आणि एक जुनी ठेवलीस तर गाडी डावीकडे एक बोलेल, उजवीकडे दुसरं. या गाडीच्या नळीत डँपर बदलायला कार्ट्रिज येतात, म्हणजे आतला सगळा ऐवज बंद डब्यात. पुढचे आणि मागचे वेगळे असतात. पुढच्या काळातल्या २८०झेडचे आणखी वेगळे, ते तुझ्या नळीत नीट बसणार नाहीत. मोडीतून कोणीतरी आधी नळ्याच बदललेल्या असण्याची शक्यताही असते. म्हणून मागवण्याआधी तुझ्या नळीचं माप घे, आणि आल्यावर खोकं उघडून माप पुन्हा ताड. परत पाठवायची मुदत संपल्यावर हे कळण्यात अर्थ नाही.

कडक, रेसिंगचे डँपर घेऊ नकोस. मूळच्या मऊ स्प्रिंगवर कडक डँपर बसवला की चाक वर दाबलं जातं आणि खाली यायच्या आत पुढचा खड्डा येतो. तुझी गाडी टनाच्या जरा वर. तिला साध्या गॅसच्या, मूळच्या स्वभावाच्या कार्ट्रिज पुरतात. टोकिकोचे निळे डँपर एके काळी सगळ्यांचे आवडते होते, ते आता बाजारातून गेले. कोणी जुना साठा म्हणून विकत असेल तर रबरी सील किती वर्षं पडून आहे याचा विचार कर.

आणि गाडी खाली बसवायचा मोह. माहितीये मला, छान दिसते. पण स्ट्रटच्या गाडीत खालचा हात बाहेरच्या बाजूला जरा उतरता असावा लागतो. गाडी फार दाबलीस की तो हात उलटा, बाहेर चढता होतो. मग गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो बिंदू गाडीपेक्षाही जास्त वेगाने खाली जातो, आणि तू खाली बसवलेली गाडी वळणात आधीपेक्षा जास्त झुकू बघते. वर खड्ड्यात स्टिअरिंग आपोआप ओढलं जातं. दांड्याचा प्रवास कमी होतो तो वेगळाच. एखाद इंच ठीक. त्यापुढे जायचं तर नळी कापून आखूड करायला लागते आणि ते काम तुझं-माझं नाही.

डँपरबरोबर रबरं मागव. ही यादी लोक विसरतात आणि मग दोन महिन्यांनी तेच काम पुन्हा करतात. दांड्यावरचं ठोकळा-रबर, जे पूर्ण दबल्यावर मार खातं. ते तुझ्या गाडीत बहुतेक भुगा होऊन पडलेलं असेल. धुळीचं आवरण. स्प्रिंगच्या वरची रबरी बैठक. वरची माउंट, पुढच्या दोन्हींत बेअरिंग असतं, कारण तिथूनच चाक वळतं. मागे ते नसतं. दांड्याच्या डोक्यावरचा स्वतः घट्ट राहणारा नट, तो एकदा काढला की फेकायचा. आणि ब्रेकच्या रबरी नळ्या. त्या कशाला, असं विचारशील. स्ट्रटवरच्या पट्टीवर लोखंडी नळी आणि रबरी नळी एकमेकींना जोडलेल्या आहेत, तो जोड सोडावा लागणारच. पन्नास वर्षांची रबरी नळी बाहेरून धड दिसते आणि आतून फुगलेली असते.

पुढे खालच्या हाताला बॉडीशी जोडणारी कॉम्प्रेशन रॉड आहे, तिची बुशं चिरलेली असतील तर आत्ताच बदल. तिथे एक सावधगिरी. कडक पॉलियुरेथेनची बुशं दोन्ही बाजूंना घालू नकोस. त्या दांड्याला थोडं मान हलवायला जागा लागते. ती मिळाली नाही तर दांडाच वाकून वाकून तुटतो, आणि तो तुटला की चाक मागे जातं. तिथे मी रबरच घालतो. लोक मला जुन्या वळणाचा म्हणतात, म्हणोत.

हत्यारं म्हणशील तर मेट्रिक सॉकेट, चांगला टॉर्क पाना, मोठा पाइप पाना, तार-ब्रश. ब्रेकच्या नळीसाठी नळीचाच पाना, ज्याच्या तोंडाला चीर असते. साध्या पान्याने ते नट गोल होतात. जाता जाता, या गाडीवरचे चौफुली स्क्रू जपानी मापाचे आहेत. अमेरिकन फिलिप्स त्यात नीट बसत नाही, वर सरकतो आणि डोकं खातो. जपानी स्क्रूड्रायव्हरचा एक संच घे. मागचं प्लास्टिकचं आवरण काढताना आठवण काढशील माझी.

गाडी उचलताना फार जपायचं. गाडीच्या तळाखाली तुला लांब चौकटीसारख्या दोन पट्ट्या दिसतील, त्या पत्र्याच्या आहेत आणि जॅक लावला की चेपतात. तुझ्या गाडीत तर त्या आतून खाल्लेल्या असण्याचीच शक्यता जास्त. पुढून उचलायची ती इंजिनाखालच्या आडव्या दणकट भागावर, मागून डिफरन्शिअलखाली. मग स्टँड लाव, पुढे कॉम्प्रेशन रॉड जिथे बॉडीला येते त्या भागाखाली, मागे मागच्या चाकाच्या पुढच्या भक्कम जागेखाली. आधी स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून आवाज ऐक. भद्द आवाज आला की तिथे स्टँड नको. जी चाकं जमिनीवर आहेत त्यांना दोन्हीकडून अडसर. मग गाडीला खांद्याने चांगला धक्का दे. पडायची असेल तर तू खाली नसताना पडू दे.

टॉवरही तपास. बोनेट उघडलं की दोन्ही बाजूंना जिथे स्ट्रट वर येतो तो पत्रा. उजव्या हाताला बॅटरी असते, तिचं आम्ल वर्षानुवर्षं खाली पाझरलेलं असतं. तिथल्या रंगाला फोड आले असतील तर टोचून बघ. पत्राच खाल्ला असेल तर नवे डँपर बसवून उपयोग नाही, आधी वेल्डिंग.

आता पुढचा स्ट्रट. चाक काढ. ब्रेकची धूळ फुंकायची नाही, एअर-गनने तर मुळीच नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं, ओल्या कापडाने पूस आणि कापड टाकून दे. कॅलिपर काढलास तर ओझं हलकं होतं. ब्रेकची नळी सोडलीस की लगेच तिचं तोंड बंद कर, आणि ब्रेकचं तेल रंगावर सांडू देऊ नकोस, रंग उतरतो. बुडाशी स्टिअरिंगच्या हाताला स्ट्रट दोन बोल्टनी धरलेला आहे. ते काढले की बॉल-जॉइंटला हात लावायची गरज नाही. हे बऱ्याच लोकांना माहीत नसतं आणि ते उगाच बॉल-जॉइंट ठोकत बसतात. तो हात आणि स्ट्रट गंजाने एकमेकांना चिकटलेले असतात. बाजूने हातोड्याचे दोन-चार ठोके, मग सुटतात.

एक युक्ती. सगळं काढायच्या आधी, गाडी चाकांवर उभी असताना, दांड्याच्या डोक्यावरचा मोठा नट फक्त चतकोर फेरा सैल करून ठेव. चतकोर म्हणजे चतकोर. बाहेर काढल्यावर दांडा नटाबरोबर गरगर फिरतो आणि माणूस वैतागून त्या चकचकीत दांड्याला पक्कड लावतो. आता तुझा जुना दांडा फेकायचाच आहे, पण नव्याला ती सवय लागू नये. त्या क्रोमवर एक ओरखडा पडला की तो रोज सीलला कापतो. धरायचं ते डोक्याजवळ चपट्या केलेल्या जागेवर.

वरचे तीन नट सर्वांत शेवटी, आणि एका हाताने स्ट्रट खालून धरून. कोणाला तरी मदतीला घे. पहिल्यांदा करताना दोघं असलेली बरी.

इथे थांब. चहा पिऊन ये. यापुढचं सावकाश वाच.

हातात आलेल्या त्या वस्तूत एक दाबलेली स्प्रिंग आहे, आणि ती फक्त त्या एका वरच्या नटाने अडवलेली आहे. स्प्रिंग-कॉम्प्रेसर न लावता तो नट काढलास तर वरची थाळी उडते. ती कोणाच्या तोंडावर उडाली तर दवाखान्यात पोचेपर्यंत वेळ मिळेलच असं नाही. या सगळ्या कामात माणूस मरेल अशा दोनच जागा आहेत: एक गाडीखाली, दुसरी ही.

कॉम्प्रेसर विकत घ्यायची गरज नाही, ऑटो पार्ट्सची मोठी दुकानं अनामत घेऊन देतात. पण उसनं हत्यार आधी तपासून घे. आट्यांवर कचरा नसावा, आटे खाल्लेले नसावेत, आकड्यांची टोकं झिजून गोल झालेली नसावीत. आट्यांना ग्रीस लाव. दोन कॉम्प्रेसर स्प्रिंगच्या दोन समोरासमोरच्या बाजूंना, आकडे शक्य तितकी जास्त वेटोळी पकडतील असे. मग इकडे दोन फेरे, तिकडे दोन फेरे. एका बाजूने पुढे गेलीस की स्प्रिंग केळ्यासारखी वाकते आणि आकडा सरकतो. हवेची बंदूक याला लावायची नाही. हाताने, पान्याने, आवाज ऐकत. आकडा ‘टक्’ करून हलला तर थांब, सैल कर, पुन्हा नीट बसव. स्प्रिंगचं तोंड भिंतीकडे, आपलं तोंड बाजूला. दाबता दाबता स्प्रिंग वरच्या थाळीत हाताने हलायला लागली, खुळखुळली, की समज तिचा जोर नटावर नाही. तेव्हा नट काढायचा. दाबलेली स्प्रिंग कॉम्प्रेसरसकट रात्रभर ठेवू नकोस, आणि तिच्यावरून उडी मारून जाऊ नकोस. हसू नकोस, माणसं जातात.

आणि हे वाचून पोटात गोळा आला तर लाज धरू नकोस. सगळे स्ट्रट काढ, डिकीत घाल आणि ज्या दुकानात भिंतीला पक्का केलेला कॉम्प्रेसर आहे तिथून दाबून, सोडवून घे. थोडे डॉलर जातील.

स्प्रिंग निघाली की नळीचं तोंड उघडायचं. त्यावर मोठा गोल ग्लँड नट असतो. तो इतकी वर्षं जागचा हललेला नसतो, म्हणून पाइप पाना आणि लांब दांडा. नळी वाइसमध्ये धरायची तर वरच्या पातळ भागात चेपू नकोस, खाली जाड आहे तिथे पकड. नाही सुटला तर नळीला बाहेरून उष्णता दे, पण आधी आतलं तेल आणि आजूबाजूचं रबर यांचा विचार कर. बंद नळीला आग लावणं हा शहाणपणा नाही. पुन्हा तेल मारून उद्या बघ म्हटलं तर काय बिघडलं?

मूळचा डँपर असेल तर तेल नळीतच भरलेलं असेल. ओतून काढ, आतली नळी, पिस्टन सगळं काढून घे, जुनं तेल रिसायकलिंगला दे. एखाद्याने आधीच कार्ट्रिज बसवली असेल तर तीच निघेल. नळी आतून स्वच्छ पूस. मग नवी कार्ट्रिज घालण्याआधी तळाला थोडं साधं इंजिन ऑइल ओत. हे अनेकजण गाळतात. कार्ट्रिज आणि नळी यांच्यात हवा राहिली तर डँपरची उष्णता बाहेर जायला वाट मिळत नाही. तेल ती वाट देतं. शिवाय आत गंज धरत नाही. किती? कार्ट्रिज घातल्यावर तेल काठाच्या खाली राहील इतकं. काठोकाठ भरलंस तर तापल्यावर ते वर येऊन ग्लँड नटातून ओघळेल आणि तू मला फोन करून म्हणशील, मामा, नवा डँपर गळतोय.

ग्लँड नट बसवताना बघ की तो कार्ट्रिजला दाबतोय, नळीच्या काठावर टेकून थांबत नाहीये. काठावर टेकला आणि आत कार्ट्रिज सैल राहिली तर प्रत्येक खड्ड्यात ‘टक टक’ ऐकू येईल. कार्ट्रिज आखूड असेल तर तिच्याबरोबर तळाला घालायची चकती आलेली असते, ती खोक्यातच पडून राहिली नाही ना, बघ.

गॅसची कार्ट्रिज बांधलेल्या अवस्थेत येते, पट्टी कापली की दांडा हळूहळू वर येतो. बसवण्याआधी ती उभी धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबायची आणि सोडायची. आडवी पडून असताना आत हवा भलत्या जागी गेलेली असते, ती आपल्या जागी येते. मध्येच धक्का न लागता दांडा एकसारखा चालायला लागला की झालं.

जोडणी म्हणजे उलटा क्रम, पण दोन गोष्टी चुकतात. स्प्रिंगचं खालचं टोक थाळीतल्या पायरीला टेकलं पाहिजे. नाहीतर गाडी खाली ठेवल्यावर ते खट्कन फिरून बसतं आणि उंची बदलते. आणि ठोकळा-रबर, आवरण, बैठक, माउंट यांचा क्रम. काढतानाच फोटो काढून ठेव, तुमच्या पिढीला हे सांगायला नको. डोक्यावरचा नट टॉर्क पान्याने घट्ट कर, हवेच्या बंदुकीने नाही. कॉम्प्रेसर सोडतानाही दोन्ही बाजू बरोबरीने.

मागच्या बाजूला एक राक्षस बसलाय. खालच्या हातातून स्ट्रटच्या बुडातून आरपार जाणारी एक लांब पिन आहे, मध्ये कुलपासारखा बोल्ट. झेडवाले तिचं नाव काढलं की कपाळाला हात लावतात. गंजाने ती अशी बसते की लोकांना करवतीने कापावी लागते. तुला ती काढायचीच नाहीये! बुशं बदलायची वेळ येईल तेव्हा बघू. आत्ता हाफशाफ्टचे चार बोल्ट बाहेरच्या बाजूने सोडव, ब्रेकची नळी आणि हँडब्रेकची केबल मोकळी कर, मागे अँटी-रोल बार असेल तर त्याची कडी काढ. मग आतून, मागच्या काचेच्या दाराखालची आवरणं काढून, वरचे तीन नट. पूर्ण स्ट्रट त्याच पिनवर बाहेरच्या बाजूला झुकतो आणि काम हाताशी येतं. खालून जॅकचा आधार ठेवून हळूहळू उतरव, एकदम नाही. पुढचं सगळं पुढच्यासारखंच. मागच्या ड्रममधली धूळही तशीच ओल्या फडक्याने.

वरचे तीन नट लहान आहेत, पुन्हा सांगतो. त्यांच्यावर चाकाच्या नटासारखा जोर काढलास तर काडी तुटते, आणि ती काडी नव्या माउंटचीच असते. टॉर्कचा आकडा फॅक्टरीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये बघ, अंदाजाने नको.

खालच्या हातांची रबरी बुशं ज्या बोल्टनी धरली आहेत ते तू सैल केले असशील तर गाडी हवेत असताना पक्के करू नकोस. रबर त्या लटकत्या अवस्थेत जखडलं जातं, आणि गाडी खाली आली की कायमचं पिळलेल्या कापडासारखं ताणलेलं राहतं. वर्षभरात फाटतं आणि गाडी उगाच उंच उभी राहते. चाकं बसव, गाडी खाली घे, पुढे-मागे ढकल, कोपऱ्यांवर बसून दोन-चार वेळा दाब, मग गाडीखाली सरकून ते बोल्ट शेवटचे कस. त्यासाठी चाकं लाकडी रॅम्पवर चढवलीस तर अंग शिरायला जागा मिळेल.

ब्रेकमधली हवा काढ. पॅडल घट्ट लागेपर्यंत गाडी गल्लीच्या बाहेर न्यायची नाही. मग पहिला फेरा घराभोवती, खिडक्या उघड्या, रेडिओ बंद. पन्नास-एक मैलांनंतर वरचे सगळे नट आणि चाकाचे नट पुन्हा तपास. ग्लँड नटाभोवती बोट फिरवून बघ, ओलं लागतंय का.

शेवटी व्हील अलाइनमेंट. या गाडीला कारखान्यातून फक्त पुढचं टो बदलता येतं, टाय-रॉड फिरवून. कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल, पुढे बदलता येत नाही, मागे तर काहीच नाही. तेव्हा कोणी ‘चारही चाकांचं संपूर्ण अलाइनमेंट’ म्हणून जास्त पैसे सांगितले तर मागच्या चाकांची फक्त मोजणी कर म्हणावं आणि छापलेला कागद माग. त्या कागदावर मागचं डावं आणि उजवं कॅम्बर फार वेगळं दिसलं, तर हात वाकलेला आहे किंवा कोणीतरी गाडी कधीतरी फुटपाथवर घातलेली आहे. तो कागद मला पाठव, मग त्या राक्षस पिनेचं बघू.